मकसूदभाईंना गाडी लागते

नांदेडच्या बसस्थानकावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांनी मकसूदभाईंना पाहिलं नसलं तरी ऐकलेलं नक्की आहे. चौकशीच्या खिडकीमागे, लोखंडी जाळीच्या आत, माइकपुढे बसून ते गाड्या पुकारत. ‘भोकरमार्गे किनवटला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे’ हे साधं वाक्य ते अशा थाटात म्हणत की किनवटला काही काम नसलेल्या माणसालाही वाटे, जाऊन यावं एकदा. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, पण अख्खा डेपो त्यांना कंट्रोलर साहेब म्हणे. घरात दखनी बोलणारा हा इतवारा मोहल्ल्यातला माणूस माइकवर असं स्वच्छ मराठी बोले की नवा आलेला डेपो मॅनेजर आधी आवाज ऐकायचा आणि मग नावाची पाटी दोनदा वाचायचा.

एवढ्या गाड्या सोडणाऱ्या या माणसाचं एक दुखणं होतं. मकसूदभाईंना गाडी लागते. फलाटाला लागते तशी नव्हे, पोटाला लागते.

नोकरीला लागले तेव्हा ते कंडक्टर होते. किनवटच्या जंगलातली वळणं सुरू झाली की दांड्याला पाठ टेकवून, मधूनमधून तोंडावर हात धरत ते तिकिटं फाडत. प्रवासीच त्यांना लिंबू देत, पाणी देत, कुणी म्हातारी पाठ चोळून देई. ड्रायव्हर होता लातूरकडचा वीरण्णा. त्याने काही महिने गाडी हळू चालवून पाहिली, मग एके दिवशी सरळ डेपोत जाऊन सांगितलं की या माणसाचा आवाज चांगला आहे, याला माइकवर बसवा, नाहीतर माझ्या गाडीला रोज धुवायला एक माणूस द्या. तेव्हापासून मकसूदभाई खुर्चीवर बसले ते निवृत्तीपर्यंत उठले नाहीत. सासुरवाडी लातूरची, त्यामुळे लग्नाला तेवढं जावंच लागलं. वरात पोचली तेव्हा नवरदेव सेहऱ्याआड मान खाली घालून असा काही बसला होता की सासरची मंडळी म्हणाली, मुलगा फार शालीन आहे. आबेदाबींना खरा प्रकार परतीच्या प्रवासात कळला. नव्या नवरीने त्या दिवशी आपला नवा कोरा रुमाल त्यांना दिला आणि दोघांच्या संसाराची सुरुवात तिथून झाली.

अशा माणसाच्या मुलीने आईबापाला जहाजातून अलास्काला न्यायचं ठरवलं.

मुलगी जेबा. औषधशास्त्र शिकली, लग्न करून कॅनडात व्हँकूवरला गेली. नवरा मुज्तबा तिथे इंजिनियर. आता अलास्काचं खूळ तिच्या डोक्यात आलं ते आबेदाबींमुळेच. झालं असं की उन्हाळ्यात एकदा कांदे चिरता चिरता आबेदाबींनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. समुद्राच्या काठाला बर्फाची निळी भिंत उभी, तिचा घराएवढा तुकडा सुटून पाण्यात पडला आणि नंतर कुठेतरी ढग गडगडावा तसा आवाज आला. बाहेर नांदेडचं ऊन पत्र्यावर वाजत होतं. आबेदाबींनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. कांदे तसेच राहिले. संध्याकाळी जेबाचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला विचारलं की हे खरं आहे का, आणि खरं असेल तर ते तुझ्या घरापासून किती लांब आहे.

या बाईने आजवर कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. जेबाने पुढच्या जूनसाठी चौघांच्या जागा राखून टाकल्या आणि मग घरी कळवलं.

मकसूदभाई फोनवर “वा, वा” म्हणाले. फोन ठेवल्यावर घोटभर पाणी प्यायले. गाडी लागते त्याला बोट लागणारच, हे त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती. पण मुलीने हौसेने केलेलं, बायकोने जन्मात एकदा मागितलेलं, ते नको कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि जावयापुढे सांगणार तरी काय, की तुझ्या सासऱ्याला वडाप जीपमध्येही ओकारी येते? तेव्हा त्यांनी नाही म्हटलंच नाही. त्यांनी नियोजन हातात घेतलं.

डेपोत एखादी गाडी सोडायची नसली की कंट्रोलर कधी ‘सोडत नाही’ असं म्हणत नाही. ड्रायव्हर यायचाय म्हणतो, काच बदलायचीय म्हणतो. मकसूदभाईंनी तेच सुरू केलं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ मावळतच नाही, मग मगरिबची नमाज कधी पढायची आणि फजरची कधी, असा प्रश्न त्यांनी मशिदीत मौलवीसाहेबांना विचारला. मौलवीसाहेबांनी प्रवाशाला सवलत असते हे समजावून सांगितलं आणि वर आमच्यासाठीही दुआ करा म्हणाले. मग जेवणाचं निघालं. हलाल मिळणार नाही. जेबा म्हणाली, मासे आहेत, भाज्या आहेत, सकाळपासून रात्रीपर्यंत टेबलं भरलेली असतात. हे ऐकून आबेदाबींनी फोन स्वतःकडे घेतला आणि एकाच गोष्टीची खात्री करून घेतली, की या आठवडाभरात आपल्याला खरोखर एकदाही चूल पेटवावी लागणार नाही ना. लागणार नाही म्हटल्यावर त्या फोन नवऱ्याच्या हातात देऊन आत निघून गेल्या. मकसूदभाईंना वाटलं बायको नाराज झाली. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या सबिहाला हेच सांगत असताना त्यांनी ऐकलं. नाराजीचा तो आवाज नव्हता.

व्हिसाची आशा होती. मुंबईला रेल्वेने गेले, रेल्वे त्यांना सोसते. खिडकीमागच्या गोऱ्या बाईने विचारलं, अमेरिकेत काय करणार? मकसूदभाई उत्तराची जुळवाजुळव करत होते तोवर आबेदाबींनी दोन्ही हात वर नेऊन खाली आणले आणि तोंडाने बर्फ पडल्याचा आवाज काढला. बाई हसली. व्हिसा मिळाला. कॅनडाचाही मिळाला.

आता एकच हुकमी पान उरलं होतं, थंडी. आबेदाबींच्या गुडघ्यांना थंडी सोसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आबेदाबी म्हणाल्या, सोसेल. ते म्हणाले, नांदेडच्या बाईला कसं कळणार? बघितल्याशिवाय एवढ्या लांब जायचं म्हणजे जबाबदारी आहे. त्यावर आबेदाबींनी विचारलं की मग कुठे बघायचं? आणि मकसूदभाईंच्या तोंडून वीरण्णाचं नाव निघून गेलं. वीरण्णा आता निवृत्त होऊन लातूरला राहत होता आणि त्याच्या पुतण्याचं, रविकिरणचं, तिथे शीतगृह होतं. चिंच, बेदाणे, सफरचंदं ठेवायचे तिथे. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लातूरला जावं लागेल. रेल्वेची वेळ आबेदाबींना गैरसोयीची होती. शिवाय एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि कंट्रोलर साहेबांना तिकीट कोण विचारतो.

मे महिन्यातल्या एका सकाळी दोघं निघाले. सोबत पिशवीभर लोकरीचे कपडे.

गाडीत ड्रायव्हर-कंडक्टरने त्यांना ओळखलं आणि इथेच घोटाळा झाला. मागे कुठेतरी खिडकीशी तोंड लपवून बसायचं सोडून मकसूदभाईंना मानाने पुढच्या सीटवर बसवण्यात आलं. ड्रायव्हर नवा होता. निवृत्त झाले तरी कंट्रोलर ते कंट्रोलर, म्हणून ताठ बसून चालवत होता. लोहा जवळ आलं तसा मकसूदभाईंचा चेहरा दुधीसारखा झाला. त्यांनी लवंग चावली, डोळे समोर ठेवले, कलमा पढला. मग उभे राहून अगदी माइकवरच्या आवाजात म्हणाले, “गाडी बाजूला घ्या. मागचा टायर बघायचाय.”

गाडी थांबली. मकसूदभाई खाली उतरले, मागे गेले, टायरच्या आडोशाला वाकले. मग तोंड पुसून, चेहऱ्यावर काही न दाखवता वर आले. “ठीक आहे. चला.”

अहमदपूरच्या पुढे पुन्हा टायर बघावा लागला. या खेपेस डावीकडचा. तेव्हा मात्र कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिलं आणि ड्रायव्हरने कंडक्टरकडे. म्हातारा उगीच निघालेला नाही, वरून गुपचूप तपासणीला पाठवलाय, हे दोघांच्या एकदम ध्यानात आलं. कंडक्टरने पुढच्या स्टँडला फोन लावला. चाकूरला गाडी शिरली तेव्हा तिथला सगळा स्टाफ गणवेशाची बटणं लावून उभा होता, फलाट नुकताच झाडलेला होता आणि पाणपोईला चक्क पाणी होतं. एकाने पुढे होऊन कंट्रोलर साहेबांना चहा आणि मिरची भजी दिली. त्यांनी भज्यांकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा टायर बघायला गेले. आबेदाबी खिडकीशी बसून सगळं पाहत होत्या. त्यांनी ती भजी खाल्ली. चांगली होती.

लातूरला वीरण्णा घ्यायला आला होता. मकसूदभाईंचा रंग पाहून त्याने आधी लिंबूसोडा पुढे केला.

शीतगृहाचं जाड दार उघडलं तशी थंड हवेची लाट पायांवर आली. बाहेर डांबर पातळ होत होतं. मकसूदभाईंनी दोन स्वेटर, त्यावर कोट, माकडटोपी आणि पायांत मोज्यांचे दोन जोड चढवले. आबेदाबींनी एक स्वेटर घातला आणि शाल घेतली. दोघं आत जाऊन सफरचंदांच्या खोक्यांवर बसले. वीरण्णा दाराबाहेर पहाऱ्याला थांबला.

थोड्या वेळाने मकसूदभाईंचे दात वाजू लागले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर तिने शाल काढून घडी करून मांडीवर ठेवलेली. डोळे मिटलेले. त्यांना वाटलं, गेली. हलवून विचारलं, काय होतंय? काही होत नाही म्हणाल्या. किती वर्षांनी मानेवरचा घाम वाळला, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मग त्यांनी एक बेदाणा तोंडात टाकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, तुम्हाला गार वाटत असेल तर बाहेर बसा, मी बसते अजून जरा.

मकसूदभाई बाहेर आले. उन्हात, माकडटोपीसकट, वीरण्णाच्या शेजारी पायरीवर टेकले. तिकडून जाणारा एक हमाल त्यांच्याकडे बघत बघत खांबाला धडकला.

“भाभी कुठायत?” वीरण्णाने विचारलं.

“आत. बेदाणे खातीये.”

वीरण्णाने तंबाखू मळली, बार भरला, मग सावकाश म्हणाला, “सायेब, थंडीचं न्हाई हे. तुम्ही बोटीला भिऊन राहिलात.”

मकसूदभाईंनी टोपी काढली. जुन्या ड्रायव्हरपुढे लपवायचं काय होतं? म्हणाले, “गाडी थांबवता येती रे, वीरण्णा. बोटीला मागचा टायर नसतो.”

वीरण्णा हसला नाही. खरंच विचार करत बसला. “हाव,” म्हणाला शेवटी, “समुद्रात उतरून बघावं असं कायच नसतंय.”

तेवढ्यात आबेदाबी बाहेर आल्या. गाल लाल झालेले, मुलीसारखे. त्यांनी या दोघांचं किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता, पण त्या पुढे काय बोलतील याची तयारी मकसूदभाईंनी केली होती. बायको म्हणेल, तुम्हाला त्रास होतो तर राहू द्या, कॅन्सल करा. लग्नापासून ती असंच म्हणत आलेली. तिच्या भावाचं लग्न, माहूरची सहल, जेबाचा परगावचा पदवीचा कार्यक्रम, प्रत्येक वेळी तिनेच त्यांच्या वतीने नको म्हटलेलं, आणि त्यांनी तिच्या म्हणण्याला मान दिलेला. आताही तिने म्हणावं आणि आपण जड मनाने मान्य करावं, एवढंच उरलं होतं.

आबेदाबींनी शाल पिशवीत भरली आणि म्हणाल्या, “तुम नै आए तो बी मैं जाऊँगी.”

आवाज चढवला नाही, रुसल्याही नाहीत. दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. मकसूदभाई वीरण्णाकडे बघू लागले. वीरण्णाला समोरच्या रस्त्यावर एकदम काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं होतं.

परत येताना दोघं रेल्वेने आले. वाटेत मकसूदभाईंनी बरंच काही मनात मांडून पाहिलं. विमानात एकटी बायको. जहाजाच्या कठड्याशी एकटी बायको. आणि नांदेडात ते स्वतः, सबिहाच्या घरून येणाऱ्या डब्याची वाट पाहत. नांदेड जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं की त्या बर्फाच्या ठिकाणी पोचायला जहाजाला वेळ किती लागतो. आबेदाबींनी त्यांना बेदाणे दिले.

मग नियोजन खरं सुरू झालं, आणि ते आधीपेक्षा अवघड निघालं, कारण आता जायचं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सबिहाने आलेपाकाच्या वड्या केल्या. कुणीतरी सांगितलं की हेलकाव्यांची सवय केली तर पोट ऐकतं, म्हणून मकसूदभाई रोज संध्याकाळी महापालिकेच्या बागेत जाऊन झोपाळ्यावर बसू लागले. मागे पोरांची रांग लागे. पहिले चार झोके ते रुबाबात घेत, पाचव्याला उतरून झाडामागे जात. पोरं खूश असत, नंबर लवकर येई. पुढे पुढे त्यांना दहा झोके जमू लागले तेव्हा मात्र पोरांनी वॉचमनकडे तक्रार केली.

विमानाचा प्रवास गोळीच्या गुंगीत पार पडला. व्हँकूवरच्या धक्क्यावर जहाज पाहून मात्र मकसूदभाई थबकले. त्यांना वाटत होतं बोट, आणि समोर तर आडवी पडलेली टोलेजंग इमारत होती, खिडक्यांच्या रांगाच्या रांगा. ते गोळी घेऊन, दोन आलेपाक तोंडात ठेवून खोलीतल्या पलंगावर जाऊन बसले आणि पलंगाची कड घट्ट धरली. बऱ्याच वेळाने जेबा बोलवायला आली. त्यांनी विचारलं, सुटणार कधी? जेबाने पडदा सारला. बाहेर डोंगर मागे सरकत होते. जहाज केव्हाच सुटलं होतं.

कड सोडायला त्यांना जरा वेळ लागला, पण सोडली. रात्रीचं जेवण जेवले. आबेदाबी हातात ताट घेऊन सगळ्या टेबलांवरून आधी एकदा नुसत्या फिरून आल्या, काही वाढून न घेता. एवढं सगळं दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं, आणि आपण फक्त खायचं आणि करणाऱ्याला भाजी कशी झालीय एवढं सांगायचं होतं. ते त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, मराठी-दखनीत, आणि सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी जहाज बेटांच्या आडोशातून मोकळ्या पाण्यावर आलं आणि मकसूदभाईंना जे ठाऊक होतं ते झालं. खोलीतल्या खोलीत, इज्जतीत झालं. जरा बरं वाटल्यावर ते भिंत धरत बाहेर आले, तर समोरच्या खोलीचं दार उघडं आणि आत मुज्तबा जमिनीवर, बादलीला मिठी मारून. इंजिनियर जावई, सासऱ्याशी नेहमी अदबीने दोन वाक्यं बोलणारा, तो आता मान वर करून म्हणाला, “अब्बा, जेबाला सांगू नका.”

मकसूदभाई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. त्याला आलेपाक दिला. आणि मग, जे बायको आणि वीरण्णा सोडून कुणाकडे कधी बोलले नव्हते, ते त्या जावयाला सांगू लागले. किनवटची वळणं, सेहऱ्याआडचा प्रवास, लोह्याचा टायर. मुज्तबा हसे आणि हसताना पुन्हा बादलीकडे वळे, मग मकसूदभाईंचा नंबर लागे. बादली एकच होती. ती इकडून तिकडे सरकवत दोघांनी दुपार काढली. मायलेकी वरच्या मजल्यावर केक खात होत्या.

हिमनदीच्या दिवशी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत होता. आबेदाबी पहाटेच उठून डेकवर जाऊन कठड्याशी उभ्या होत्या. बुरख्यावर जेबाचं पिवळं जाकीट, कानाला मफलर. पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत येत होते, काहींवर सील पसरले होते. हळूहळू ती भिंत दिसू लागली. मोबाइलमध्ये होती त्याहून निळी, आणि इतकी मोठी की तिच्यापुढे जहाजाचंच काही वाटेनासं झालं. लोक फोन वर करून थांबले होते. कितीतरी वेळ काहीच पडलं नाही. गर्दी पातळ होत गेली, न्याहारीची वेळ झाली होती.

मकसूदभाई अंगाभोवती रजई गुंडाळून आले आणि बायकोच्या पुढ्यात जाऊन विचारू लागले, थंडी वाजतीये का, गुडघे दुखतायत का, खुर्ची आणू का.

“जरा सरकिये,” आबेदाबी म्हणाल्या, “दिखता नै.”

ते सरकले. आणि तेव्हाच भिंतीच्या कडेचा एक सुळका आवाज न करता सुटला, सावकाश, बसता बसता माणसाचा तोल जावा तसा, आणि पाण्यात गेला. आवाज मागाहून आला. तो पायांतून आला, छातीत घुमला, समोरच्या डोंगरावर जाऊन परत फिरला. मकसूदभाईंच्या हातून रजई सुटली. आबेदाबींनी तोंडावर हात ठेवला होता. पाण्याची लाट जहाजापर्यंत येऊन त्याला जरासं हलवून गेली, पण ते मकसूदभाईंच्याही लक्षात आलं नाही.

थोड्या वेळाने ते खाली जाऊन दोन कप चहा घेऊन आले. आबेदाबींनी भिंतीवरची नजर न काढता कप हातात घेतला. प्यायचं राहूनच गेलं. जहाज वळायला लागलं तशा त्या कप परत नवऱ्याच्या हातात देऊन कठड्याला धरून मागच्या टोकाकडे चालू लागल्या, म्हणजे आणखी थोडा वेळ दिसेल. मकसूदभाई दोन्ही कप सांभाळत त्यांच्या मागे निघाले.